छोटे धाडस, कागदावरचा हक्क आणि दुसऱ्या दिवशी येणारी माणसे

गोदाकाठ (धागाकर्ता)

दरवर्षी २ मार्चला आपल्या नाशिकमध्ये काळाराम मंदिर सत्याग्रहाची, म्हणजे अस्पृश्य मानल्या गेलेल्यांच्या मंदिरप्रवेशासाठी झालेल्या लढ्याची, आठवण काढली जाते. त्या दिवशीच्या भाषणांत एक वाक्य हमखास ऐकू येते : एका ठिणगीने वणवा पेटला. ऐकायला हे बरे वाटते, पण ज्यांनी तो लढा प्रत्यक्ष चालवला त्यांच्या कष्टांवर त्यामुळे पडदा पडतो, असे माझे मत झाले आहे. सामान्य माणसाच्या छोट्या धाडसाने नागरी हक्क पुढे सरकतात, हे मला मान्य आहे. परंतु कोणते धाडस पुढे जाते, कोणते जागच्या जागी विरते आणि असे का होते, यावर आपण फारसे बोलत नाही. त्यासाठी हा धागा काढला आहे.

सुरुवात महाडपासून करतो, कारण तिथे हा प्रकार अधिक स्पष्ट दिसतो. सार्वजनिक पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा आणि दवाखाने अस्पृश्य मानल्या गेलेल्या लोकांना खुले असावेत, असा सीताराम केशव बोले यांचा ठराव मुंबई कायदे कौन्सिलने ऑगस्ट १९२३ मध्ये संमत केला. त्याला अनुसरून महाडच्या नगरपालिकेने जानेवारी १९२४ मध्ये चवदार तळे सर्वांना खुले असल्याचा ठराव केला. म्हणजे हक्क कागदावर आलेला होता. तरीही पुढची तीन वर्षे तो कागदावरच राहिला, कारण तो वापरायला गेलेल्याचे काय होईल, हे गावात सर्वांना ठाऊक होते. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि परिषदेला आलेले लोक मिरवणुकीने तळ्यावर गेले आणि पाणी प्यायले. कृती एवढीच होती. त्याच दिवशी परिषदेच्या लोकांवर हल्ला झाला, ऑगस्टमध्ये नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला, डिसेंबरमध्ये काही सवर्ण मंडळींनी दावा लावून मनाई हुकूम मिळवला आणि प्रकरण वर चढत गेले. अस्पृश्यांना तळ्यापासून दूर ठेवण्याची रूढी अनादी काळापासूनची आहे, हे वादींना सिद्ध करता आले नाही, असा निकाल मुंबई उच्च न्यायालयाने १७ मार्च १९३७ रोजी दिला. ओंजळीतल्या त्या पाण्याचा कायदेशीर निकाल लागायला दहा वर्षे गेली.

मला यात दिसते ते असे. धाडस करणाऱ्यांनी नवा हक्क मागितला नव्हता. दिलेला हक्क वापरून पाहिला होता. त्यामुळे विरोध करणाऱ्यांना उघडपणे पुढे यावे लागले, ठराव रद्द करावा लागला, न्यायालयात जावे लागले, आणि रूढी म्हणून जे निमूटपणे चालत होते त्याला पहिल्यांदा पुरावा द्यावा लागला.

अमेरिकेतल्या मॉन्टगोमेरी शहरातली गोष्ट आपण रोझा पार्क्स यांच्यापासून सांगतो. १ डिसेंबर १९५५ रोजी त्या गोऱ्या प्रवाशासाठी बसमधली जागा सोडून उठल्या नाहीत, हे शाळेतल्या मुलांनाही माहीत असते. पण त्याच शहरात नऊ महिने आधी, २ मार्च १९५५ रोजी, क्लॉडेट कॉल्व्हिन नावाची पंधरा वर्षांची शाळकरी मुलगी अशीच उठली नव्हती आणि तिला अटक झाली होती. (नाशिकच्या सत्याग्रहाला त्या दिवशी बरोबर पंचवीस वर्षे झाली होती. हा निव्वळ योगायोग आहे, पण नाशिककर म्हणून नोंदवल्यावाचून राहवले नाही.) तिच्या अटकेनंतर बसवर बहिष्कार झाला नाही. वय कमी, पुढे लवकरच आलेले गरोदरपण, अशा कारणांनी तिला लढ्याचा चेहरा करणे नेत्यांना योग्य वाटले नाही. पार्क्स या नुसत्या दमून घरी निघालेल्या शिवणकाम करणाऱ्या बाई नव्हत्या. कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या संघटनेच्या स्थानिक शाखेचे चिटणीसपद त्यांनी १९४३ पासून सांभाळले होते. त्यांना अटक झाली त्या रात्री जो ॲन रॉबिन्सन या प्राध्यापिकेने महाविद्यालयाच्या यंत्रावर हजारो पत्रके सायक्लोस्टाइल करून काढली आणि सोमवारी बस रिकाम्या धावल्या. बहिष्कार ३८१ दिवस चालला. तो टिकला तो लोकांनी आपापल्या मोटारींतून एकमेकांना कामावर पोहोचवण्याची जी व्यवस्था उभी केली तिच्यामुळे. आणि बसमधला भेद शेवटी ज्या दाव्यामुळे घटनाबाह्य ठरला त्या दाव्यात पार्क्स वादी नव्हत्याच. चार स्त्रिया वादी होत्या आणि त्यांतली एक होती कॉल्व्हिन. सर्वोच्च न्यायालयाने १३ नोव्हेंबर १९५६ रोजी तो निकाल कायम केला. जिचे धाडस वाया गेले असे सगळ्यांना वाटले, तिच्या अटकेची नोंद आणि तिची साक्ष कामाला आली.

आता नाशिक. २ मार्च १९३० रोजी सुमारे पंधरा हजार लोकांची मिरवणूक मंदिरापाशी गेली, तेव्हा दरवाजे बंद होते. मिरवणूक गोदाघाटाकडे वळली, तिथे सभा झाली आणि दुसऱ्या दिवसापासून मंदिराच्या चारही दरवाजांवर सत्याग्रही बसवायचे ठरले. पहिल्या तुकडीत १२५ पुरुष आणि २५ स्त्रिया होत्या. मला ही २ तारखेच्या पंधरा हजारांपेक्षा ३ तारखेची दीडशे माणसे अधिक महत्त्वाची वाटतात. गर्दीत चालायला एक बळ लागते; सकाळी उठून, आज आपली पाळी आहे म्हणून बंद दारासमोर जाऊन बसायला दुसरे लागते. सत्याग्रह समितीचे चिटणीस भाऊराव कृष्णाजी गायकवाड, म्हणजे आपले दादासाहेब गायकवाड, दिंडोरी तालुक्यातल्या आंबे गावचे, तेव्हा जेमतेम सत्तावीस वर्षांचे होते. गावोगावहून माणसे आणणे, तुकड्या लावणे, पैसा उभा करणे, बाबासाहेबांशी पत्रव्यवहार ठेवणे ही कामे पुढे पाच वर्षे चालली. यातले एकही काम छायाचित्रात दिसत नाही.

मंडळींनी आपल्या पाहण्यातली किंवा अभ्यासातली उदाहरणे द्यावीत, आणि माझे म्हणणे कुठे तुटते तेही सांगावे.

जुना पंचवटीकर

लेखन आवडले, पण मूळ विधानाला माझी हरकत आहे. आपण काळारामचे उदाहरण घेतले आणि त्याचा शेवट सांगितला नाही. पाच वर्षे सत्याग्रह करूनही दार उघडले नाही. मुंबई प्रांतात अस्पृश्यांसाठी मंदिरे उघडली ती १९४७ च्या मंदिरप्रवेशाच्या कायद्याने, आणि तो कायदा सत्ता बदलण्याच्या सुमारास झाला. पंढरपूरला साने गुरुजी १ मे १९४७ रोजी उपोषणाला बसले आणि १० मे रोजी ते सुटले, कारण वारे फिरले होते. मग पुढे राज्यघटनेचे सतरावे कलम आले आणि अस्पृश्यता नष्ट झाल्याचे जाहीर झाले. म्हणजे हक्क वरून आले. खालच्या धाडसाला आपण आदराने प्रणाम करावा, पण कार्यकारणभाव लावताना आदर बाजूला ठेवावा.

आणखी एक. आपण महाडला कागद होता असे म्हणता. काळारामला कोणता कागद होता? मंदिरासाठी तेव्हा कोणताही ठराव अथवा कायदा नव्हता. आपल्याच कसोटीने हे धाडस वाया जायला हवे होते, आणि गेलेही.

येवलेकर

पंचवटीकरांनी नेमके बोट ठेवले आहे. उत्तर नाशिकच्या पाच वर्षांत आहे आणि ते येवल्यात येऊन पूर्ण होते, म्हणून मीच लिहितो.

९ एप्रिल १९३० हा काळारामाच्या रथाचा दिवस होता. त्याआधी तडजोड झाली होती की दोन्ही बाजूंची धट्टीकट्टी माणसे मिळून रथ ओढतील. प्रत्यक्षात सत्याग्रहींना दोराला हात लावू न देताच रथ पळवण्यात आला आणि नंतर दगडफेक झाली. ज्यांनी हे डोळ्यांनी पाहिले त्यांना विनंती, तडजोड आणि आश्वासन यांची किंमत एका दिवसात कळली. हे शिक्षण कोणत्याही परिषदेच्या ठरावातून मिळाले नसते.

बाबासाहेबांनी मार्च १९३४ मध्ये दादासाहेबांना पत्र लिहून सत्याग्रह थांबवण्याचा सल्ला दिला. त्यात त्यांनी स्वच्छ लिहिले की, आपल्या लोकांनी मूर्तिपूजक व्हावे म्हणून, किंवा मंदिरप्रवेशाने समता येईल असे वाटले म्हणून, हा लढा सुरू केला नव्हता. लोकांमध्ये बळ यावे आणि आपल्या स्थितीची त्यांना जाणीव व्हावी, यासाठी तो मार्ग सर्वांत चांगला वाटला होता. ते काम झाले, आता शक्ती शिक्षण आणि राजकारण यांच्याकडे वळवावी, असा त्याचा रोख आहे. दुसऱ्याच वर्षी, १३ ऑक्टोबर १९३५ रोजी, आमच्या येवल्याच्या परिषदेत त्यांनी हिंदू म्हणून मरणार नाही ही घोषणा केली आणि नाशिकचा सत्याग्रहही तिथेच संपवण्यात आला. ज्या दारापाशी पाच वर्षे बसलो ते आता आपल्याला नकोच, असे म्हणण्याइतके लोक पुढे गेले होते. दार उघडले की नाही, एवढ्या मापाने हे मोजता येत नाही.

दुसरा पुरावा माणसांचा आहे. दादासाहेब गायकवाड पुढे १९५७ मध्ये नाशिकमधून लोकसभेवर निवडून गेले, आणि भूमिहीनांना पडीक जमीन मिळावी म्हणून १९५९ मध्ये आणि पुन्हा १९६४-६५ मध्ये जे मोठे सत्याग्रह झाले त्यांचे नेतृत्व त्यांनी केले. बंद दारासमोर माणसे पाळीपाळीने बसवण्याची सवय ज्याला १९३० मध्ये लागली होती, त्यानेच ती तुरुंग भरण्यासाठी वापरली. १९४७ चा कायदा वरून आला, हे खरे. पण तो करणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर महाड, अमरावतीचे अंबादेवी मंदिर, पुण्याची पर्वती आणि नाशिक ही सगळी नावे होती. वारे फिरले असे आपण म्हणता, पण ते आपोआप फिरत नाही.

तिसरी पिढी

धाग्याच्या शीर्षकातल्या ‘छोटे’ या विशेषणाबद्दल बोलायचे आहे. कोणाच्या मापाने छोटे?

सत्याग्रह चालू असताना नाशिक जिल्ह्यातल्या खेड्यांमध्ये अस्पृश्य कुटुंबांवर त्याचा सूड उगवला गेला. मुलांना शाळेतून काढले, रस्ते बंद केले, दुकानातून मीठमिरची मिळेना. हे सोसणारी बहुतेक माणसे काळारामच्या दाराशी कधी आलीही नसतील. एक जण तुकडीत जाऊन बसला, की गावात राहिलेल्या त्याच्या आईला दुकानदार रिकाम्या हाताने परत पाठवणार, हे तो निघतानाच जाणून होता. दाराशी बसणे ही कृती लहान दिसते, कारण आपण फक्त दारासमोरची जागा पाहतो.

माझे आजोबा तरुणपणी अशाच एका गावात होते. त्यांच्याविषयी मी इथे फार सांगणार नाही, कारण घरातही ते फार सांगत नसत. पण एवढे नक्की सांगतो की ‘धाडस’ हा शब्द त्यांनी स्वतःसाठी कधी वापरला नाही. त्यांच्या बोलण्यात नेहमी दुसऱ्या माणसाचे नाव असे : तो उठला म्हणून मीही उठलो. धागाकर्त्यांचे ‘दुसऱ्या दिवशी येणारी माणसे’ हे म्हणणे मला त्यामुळे पटते. उत्तर कॅरोलायनातल्या ग्रीन्सबरो शहरात १ फेब्रुवारी १९६० रोजी चार कृष्णवर्णीय विद्यार्थी वूलवर्थ दुकानाच्या खाण्याच्या काउंटरवर जाऊन बसले आणि त्यांना काही दिले गेले नाही. ते दुसऱ्या दिवशी पुन्हा आले, आणि त्यांच्याबरोबर आणखी विद्यार्थी आले. आठवडा संपेपर्यंत ही संख्या शेकड्यांत गेली. जुलैच्या अखेरीस काउंटर खुला झाला. पहिल्या दिवशीच्या चौघांची नावे इतिहासात आहेत आणि ती असायलाच हवीत. माझे कुतूहल मात्र दुसऱ्या दिवशी आलेल्यांबद्दल आहे. काय होऊ शकते हे आता त्यांना कळलेले होते, आणि नाव होणार नाही हेही.

काळा कोट

मी नाशिकच्या न्यायालयात वकिली करतो. कागदावरच्या हक्काविषयी थोडे.

१९५५ चा अस्पृश्यता (गुन्हे) कायदा १९७६ पासून ‘नागरी हक्क संरक्षण अधिनियम’ या नावाने ओळखला जातो. मंदिरात, दुकानात, पाणवठ्यावर, केशकर्तनालयात कोणाला अस्पृश्यतेच्या कारणावरून अडवले तर एक ते सहा महिन्यांची कैद आणि दंड आहे. बाराव्या कलमात एक महत्त्वाची तरतूद आहे : अनुसूचित जातीच्या व्यक्तीबाबत असे कृत्य घडले, तर ते अस्पृश्यतेच्या कारणावरूनच झाले असे न्यायालय गृहीत धरते, आणि तसे नव्हते हे सिद्ध करायची जबाबदारी आरोपीवर असते. महाडला रूढी सिद्ध करण्याचा भार जसा वादींवर पडला, त्याचेच हे पुढचे रूप म्हणता येईल. परंतु कलम कितीही चांगले असले तरी ते आपणहून उठून ठाण्यात जात नाही. कोणीतरी पाणी मागावे लागते, नाकारले जावे लागते आणि तक्रार द्यावी लागते.

आपल्या जिल्ह्याशी जोडलेले ताजे उदाहरण त्र्यंबकेश्वरचे आहे. सार्वजनिक पूजास्थळे हिंदूंच्या सर्व वर्गांना खुली असल्याचा कायदा मुंबई राज्याने १९५६ मध्येच केला होता. स्त्रियांना त्याचा लाभ आहे का, हा प्रश्न जवळजवळ साठ वर्षे कोणी धसास लावला नाही. त्याला तोंड फुटले ते शनिशिंगणापूरला. नोव्हेंबर २०१५ मध्ये तिथे एक तरुणी स्त्रियांना बंदी असलेल्या शनीच्या चौथऱ्यावर चढली, तेल वाहिले आणि निघून गेली. दुसऱ्या दिवशी तिथे शुद्धीकरण झाले. त्या शुद्धीकरणाने विषय देशभर गेला. ती चढली नसती तर १९५६ चा कायदा बहुधा अजून कपाटातच असता. एप्रिल २०१६ च्या सुरुवातीला मुंबई उच्च न्यायालयाने स्पष्ट केले की, जिथे पुरुष जाऊ शकतात तिथे स्त्रियांना अडवता येणार नाही आणि या कायद्याची अंमलबजावणी करणे हे शासनाचे कर्तव्य आहे. ८ एप्रिलला, पाडव्याच्या दिवशी, शिंगणापूरचा चौथरा सर्वांना खुला झाला.

त्याच दिवसांत त्र्यंबकेश्वरला काय ठरले ते आठवते का? गर्भगृहात पुरुषांनाही प्रवेश बंद. समता झाली म्हणे!

गोदाकाठ

वकीलसाहेब, हा मुद्दा आपण जाता जाता सांगितलात, पण तो फार मोलाचा आहे. ज्याला हक्क द्यायचा नाही तो दार सर्वांनाच बंद करतो, ही चाल जुनी आहे. १९३० मध्ये सत्याग्रहींना अडवण्यासाठी काळारामचे दरवाजे बंद झाले, तेव्हा रोज दर्शनाला येणारे भाविकही बाहेरच राहिले. मॉन्टगोमेरीत बसनंतर उद्यानांचा प्रश्न न्यायालयात गेला आणि निकाल लागण्याआधीच शहराने १९५९ च्या आरंभापासून आपली सगळी सार्वजनिक उद्याने बंद करून टाकली; ती उघडायला १९६५ उजाडले. गोऱ्या मुलांनाही झोपाळे मिळाले नाहीत, पण ते चालले.

माझ्या मते एखादे धाडस नेमक्या जागी लागल्याची ही खूण आहे. गैरसोय समोरच्यालाही झेपेनाशी झाली, की बोलणी सुरू होतात. बस कंपनीचे उत्पन्न बुडाले, वूलवर्थचा धंदा बसला. काळारामच्या वेळी मात्र बंद दाराची गैरसोय पुजारी आणि पंच सोसत राहिले, कारण त्यांच्या दृष्टीने प्रतिष्ठा उत्पन्नापेक्षा मोठी होती. पंचवटीकरांच्या आक्षेपाचे निम्मे उत्तर कदाचित इथे असावे.

येवलेकरांचे उरलेले निम्मे मी मान्य करतो. कागद नसतानाही धाडस फळते, फक्त ते फळ मागितलेल्या ठिकाणी मिळत नाही.

सावली

आतापर्यंत सगळे प्रतिसाद दार, तळे आणि न्यायालय यांच्याभोवती फिरले. ज्या ठिकाणी कोणताच कायदा पोहोचत नाही त्याबद्दल लिहिते.

मी सातपूरला राहते. आमच्या इमारतीत संक्रांतीचे हळदीकुंकू दरवर्षी होते. पती वारलेल्या बायकांना त्याचे बोलावणे नसे. कोणी मनाई केली होती असे नाही, त्यांनी यायचे नसते हे ठरलेलेच होते. एका वर्षी तिसऱ्या मजल्यावरच्या आजींनी स्वतःच्या घरच्या हळदीकुंकवाला अशा दोघींना बोलावले आणि सगळ्यांदेखत त्यांना कुंकू लावून वाण दिले. दोन-तीन बायका उठून गेल्या. आजींनी त्यांना थांबवले नाही आणि उरलेल्यांना तिळगूळ वाटत राहिल्या. हल्ली आमच्याकडे कोणाला बोलवायचे याची चर्चाच होत नाही. ज्या उठून गेल्या होत्या त्यांतल्या एक बाई आज सगळ्यांत आधी येतात, आणि त्यांना तो प्रसंग आठवून देण्याचा वाईटपणा कोणी करत नाही.

यात ना ठराव होता, ना तक्रार, ना नोंद. मग धागाकर्त्यांच्या कसोटीत हे बसते का? मला वाटते, इथे क्रम उलटा आहे. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने ४ मे २०२२ रोजी बांगड्या फोडणे, कुंकू पुसणे, मंगळसूत्र तोडणे या विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला, आणि त्याच महिन्यात राज्य शासनाने सर्व ग्रामपंचायतींनी तसे करावे असे परिपत्रक काढले. असा ठराव ग्रामसभेत हात वर करून संमत होण्याइतके बळ कुठून येते? माझा अंदाज आहे की अशाच घरगुती, कुठेही न लिहिलेल्या प्रसंगांतून येते. आधी कुणीतरी वागते आणि मग कागद होतो.

जुना पंचवटीकर

सावलीताई, आपल्या उदाहरणाने माझे मत थोडे हलले आहे, पूर्ण नाही. आजींना विरोध करणाऱ्या बायका उठून गेल्या, एवढेच झाले. आजींचे पाणी तोडले गेले नाही. जिथे सूड उगवण्याची ताकद समोरच्यापाशी असते, तिथे वरचे संरक्षण नसेल तर असे धाडस करायला सांगणे मला जबाबदारीचे वाटत नाही. ‘तिसरी पिढी’ यांनी लिहिलेले वाचल्यावर तर मुळीच नाही. मी कायद्याचा आग्रह धरतो तो याच कारणाने.

काळा कोट

सहमत, आणि म्हणूनच जातपंचायतीचे उदाहरण देतो. त्यात आपल्या शहराचा संबंध दुःखद आहे. २०१३ मध्ये नाशिकमध्ये जातीबाहेर लग्न केलेल्या एका तरुणीचा तिच्या वडिलांनीच खून केला. त्या निमित्ताने जातपंचायतींचा जाच उघड्यावर आला, आणि महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीने ‘जातपंचायतीला मूठमाती’ हे अभियान सुरू केले. त्यानंतर वाळीत टाकलेली कुटुंबे वेगवेगळ्या जिल्ह्यांतून बोलू लागली. आपल्याच पंचांविरुद्ध तक्रार द्यायची म्हणजे लग्नकार्य, अंत्यविधी, सोयरीक सगळ्यावर पाणी सोडायचे. तरी लोकांनी ती दिली. अडचण अशी होती की सामाजिक बहिष्काराला थेट लागू पडेल असा कायदा हाताशी नव्हता आणि ठाण्यात इतर कलमे जुळवावी लागत. त्या तक्रारींच्या रेट्यातूनच सामाजिक बहिष्कार प्रतिबंधक कायदा विधिमंडळाने एप्रिल २०१६ मध्ये संमत केला आणि तो जुलै २०१७ पासून अमलात आला. तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. पंचवटीकर म्हणतात ते वरचे संरक्षण खालून मिळवले गेले, ते असे.

द्राक्षवेल

निफाड तालुक्यातून लिहितो आहे. बरेच दिवस नुसता वाचत होतो. शेवटच्या प्रतिसादामुळे विचारायचे धाडस करतो. आमच्या नात्यातल्या एका मुलाने समाजाबाहेरच्या मुलीशी लग्न केले. पंचांनी त्या घराला वाळीत टाकले आहे आणि परत घ्यायचे असेल तर दंड भरा म्हणतात. मुलाचे काका तक्रार द्यायला तयार आहेत, पण पंच कधीच काही लिहून देत नाहीत, मग पुरावा काय दाखवायचा? शिवाय मुलाचे आईवडील घाबरलेले आहेत आणि सही करणार नाहीत. काकांनी एकट्याने दिलेली तक्रार चालते का?

काळा कोट

चालते. हा गुन्हा दखलपात्र आहे, त्यामुळे ज्याला माहिती आहे असा कोणीही ती पोलिसांना देऊ शकतो. बाधित व्यक्तीचीच सही हवी असे नाही. पंचांनी लिहून न देणे हे नेहमीचेच आहे. कोणत्या तारखेला, कोणाच्या घरी किंवा कोणत्या देवळात बैठक झाली, कोण कोण हजर होते, दंडाचा आकडा कोणी उच्चारला, त्यानंतर कोणत्या लग्नाचे किंवा दहाव्याचे बोलावणे या घराला आले नाही, हे तारखांसह लिहून काढा. मोबाइलवर आलेले निरोप पुसू नका.

ठाण्यात प्रथम खबर नोंदवली की तिची प्रत विनामूल्य मिळणे हा तक्रारदाराचा हक्क आहे. नोंद घ्यायला नकार मिळाला तर हीच माहिती लेखी स्वरूपात टपालाने पोलीस अधीक्षकांकडे पाठवता येते, आणि तिथेही काही झाले नाही तर दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो. पंचांची पुढची बैठक ठरली असेल तर जिल्हाधिकाऱ्यांना आधी कळवा. बहिष्कार टाकण्यासाठी भरणाऱ्या बैठकीला ते मनाई करू शकतात. न्यायालयाने दंड केला तर तो पूर्ण किंवा अंशतः बाधित कुटुंबाला देण्याचीही सोय या कायद्यात आहे, हे मुलाच्या आईवडिलांना जरूर सांगा.

अर्ज दोन प्रतींत न्या आणि एका प्रतीवर पोचेचा शिक्का घ्या. काकांना एकटे पाठवू नका. मसुदा करायचा असेल तर मला व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. फीचा विषय काढू नका.

द्राक्षवेल

व्यनि केला आहे. काकांबरोबर मी आणि माझी थोरली बहीण जाणार आहोत, आणि साक्षीदार म्हणून आम्हा दोघांची नावे अर्जात घालायची आहेत. पंच रविवारी बसणार असल्याचे कळले आहे, त्यामुळे जिल्हाधिकारी कार्यालयातला अर्ज गुरुवारीच देतो.